बसवलेली पोरं आणि न बसवलेली पोरं

प्रति,
जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतले शिक्षणाधिकारी, गटशिक्षणाधिकारी, केंद्रप्रमुख, आणि चौथीचा वर्ग ज्यांच्या हातात आहे ते सगळे गुरुजी आणि बाई यांस,

सप्रेम नमस्कार.

पस्तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत काढली. पहिली नऊ सातपुड्यात, अक्राणी तालुक्यातल्या एका पाड्यावर. मी रुजू झालो तेव्हा नंदुरबार वेगळा जिल्हा नव्हता, तो १ जुलै १९९८ ला झाला. नंतरची सगळी नोकरी शिंदखेडा तालुक्यात. गेल्या मे महिन्यात हजेरीपट दुसऱ्याच्या हातात दिला. शिष्यवृत्ती परीक्षेबद्दल जे इतकी वर्षं फक्त मधल्या सुट्टीत चहाच्या वेळी बोललो ते आता लिहितो आहे. नोकरीत असताना का नाही लिहिलं, असं कुणी विचारेल. धाडस नव्हतं, दुसरं काही नाही.

आपल्या धंद्यात एक क्रियापद आहे, बाहेरच्या माणसाला ते चमत्कारिक वाटेल. दिवाळीची सुट्टी संपली की केंद्राच्या म्हणजे आसपासच्या शाळांच्या मीटिंगमध्ये आपण एकमेकांना विचारतो, "शिष्यवृत्तीला यंदा किती बसवले?" किती बसले, असं कुणी विचारत नाही. किती बसवले. भाषा कधीकधी आपल्यापेक्षा खरं बोलते. शिष्यवृत्तीचा अर्ज शाळेच्या लॉगिनमधून जातो. मूल कितीही तल्लख असो, ते स्वतःहून परीक्षेला बसू शकत नाही. त्याला बसवावं लागतं, आणि बसवणारा मी असतो.

२००८-०९ साली माझ्या चौथीच्या वर्गात एकोणीस मुलं होती. तेव्हा परीक्षा चौथीला आणि सातवीला होती. एकोणिसातली मी पाच बसवली. चार पास झाली. शेकडा ऐंशी निकाल! शिक्षक दिनाला पंचायत समितीच्या सभागृहात शाल आणि नारळ मिळाला. नारळ त्याच रात्री फोडून खाल्ला, शाल अजून ट्रंकेत आहे. पण तो आकडा नीट बघा. एकोणिसातली चार म्हणजे शेकडा एकवीस. छेदात एकोणीसच्या जागी पाच घातले की ऐंशी होतात. अपूर्णांक शिकवणाऱ्या माणसाला हे कळत नव्हतं असं नाही. निकाल वाढवायचे दोन रस्ते आहेत: वरचा आकडा वाढवा, नाहीतर खालचा कमी करा. पहिल्याला वर्षभर राबावं लागतं. दुसऱ्याला अर्ज भरतानाचा एक तास पुरतो.

ते पाच कोण होते? तीन बागायतदारांची, एक किराणा दुकानदाराचा मुलगा, एक शेजारच्या शाळेतल्या गुरुजींची लेक. वस्तीवरचं एकही नाही. मी कुणाला जात बघून गाळलं नव्हतं, हे छातीवर हात ठेवून सांगतो. आणि म्हणूनच सांगतो आहे. मी फक्त हजेरी बघितली, वह्या बघितल्या, "घरी कोण अभ्यास घेईल" हे बघितलं, प्रश्नसंच विकत घ्यायची ऐपत बघितली. एवढं बघितलं की वस्ती आपोआप गळते. तिला मुद्दाम गाळायची गरज पडत नाही.

मग त्या पाचांचे जादा तास. सकाळी साडेसात ते साडेनऊ. बुद्धिमत्ता चाचणीतले खेळ, आरशातली प्रतिमा, सांकेतिक भाषा, मालिका पूर्ण करा. शाळेत त्या वर्षी जे काही मजेचं होतं ते सगळं या दोन तासांत होतं. आणि शाळा भरल्यावरही परीक्षा जवळ आली तसा मी त्या पाचांना घेऊन आत बसायचो आणि चौदाजण ओसरीवर शुद्धलेखन लिहायचे. म्हणजे परीक्षा व्हायच्या आधीच मी हुशार आणि बाकीचे अशी वाटणी करून मोकळा झालो होतो. नंतर निकालाने ती खरी ठरवली, दुसरं काय होणार?

त्या चौदांत एक मुलगी होती. नाव लिहीत नाही. तिची आई आणि मोठी बहीण कापूस वेचायला जायच्या, ऑक्टोबर-नोव्हेंबरात तीही जायची, म्हणून हजेरीपटावर तिच्या नावासमोर गैरहजेरीच गैरहजेरी. एका शनिवारी संध्याकाळी मी एका शेतकऱ्याच्या ओट्यावर चहा पीत बसलो होतो. दुसऱ्या दिवशी आठवडे बाजार, म्हणून मुकादम मजुरी वाटत होता. वहीत बघून त्याने आईच्या हातावर ६८६ रुपये ठेवले. पोरगी मागे उभी होती, कमरेला वेचणीची ओटी तशीच बांधलेली. ती म्हणाली, "मंगळवारना धा किलो कमी धरेल शेतस." मुकादम हसला. तिने बोटं मोडत सहाही दिवसांचा काटा सांगितला: ३४, २९, ४१, ३६, ३१, ३५. "दोनशे सहा. दोनशेना सातशे, सहाना एकवीस." दर साडेतीन रुपये किलो होता. मुकादमाने वही उलटी-सुलटी केली. मंगळवारी २९ च्या जागी १९ वाचलं जाईल असा आकडा होता, आणि त्याने तो १९ च धरलेला. शेवटी ३५ रुपये निघाले आणि मुकाट्याने दिले.

सोमवारी ती शाळेत आली. मी मोठ्या कौतुकाने फळ्यावर तेच गणित घातलं, दुकानदार आणि साखर घालून: २०६ किलो, दर ३.५० रुपये. तिने २०६ खाली ३.५० मांडले, हातचे घेतले, मधलं शून्य विसरली आणि उत्तर आणलं ९१ रुपये. वहीवर मी लाल फुली मारली. तिच्याकडे बघून मला एवढंही सुचलं नाही, की विचारावं, "अगं, दोनशेचे किती?"

अलीकडे समजलं की यावर मोठ्या लोकांनी अभ्यास केला आहे. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत काम करणाऱ्या मुलांची गणितं तपासली, तो लेख २०२५ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात आला. गल्ल्यावर झटकन हिशेब करणारी पोरं तेच गणित शाळेच्या पद्धतीने मांडलं की अडतात, आणि शाळेत बरी असलेली पोरं बाजारातल्या हिशेबाला अडतात. माझ्या ओट्यावरच्या चहाला एवढी साक्ष पुरे.

त्या मुलीला मी बसवलं नाही. हजेरी कमी, आणि बसवली तर निकाल पासष्ट-सत्तरवर येईल. तिचं डोकं माझ्या डोळ्यांसमोर चाललेलं मी पाहिलं होतं, तरी नाही बसवलं.

आता परीक्षेबद्दल. दोन पेपर, प्रत्येकी ७५ प्रश्न, १५० गुण. पहिल्यात भाषा आणि गणित, दुसऱ्यात इंग्रजी आणि बुद्धिमत्ता. पेपर वाईट असतात असं मी म्हणणार नाही, काही प्रश्न फार सुंदर असतात. पण बुद्धिमत्तेच्या पेपरला वाटतं की सगळी पोरं एकाच गावची आहेत. सरावात एकदा गटात न बसणारं पद विचारलं होतं: गहू, ज्वारी, बाजरी, हरभरा. उत्तर हरभरा, कारण ते कडधान्य. माझ्या वर्गातल्या एका कोरडवाहूवाल्याच्या पोराने गहू लिहिलं. का रे? म्हणाला, बाकी तिन्ही बिगरपाण्याची येतात, गव्हाले पाणी लागस. तुम्हीच सांगा, यात चूक काय आहे? उत्तरपत्रिकेवर चार गोल असतात, "का रे" ला जागा नसते. अक्राणीतल्या माझ्या पोरांचं तर याहून अवघड. घरी पावरी किंवा भिली, शाळेत माझी मराठी, पुस्तकात तिसरीच मराठी. ती वाट सांगताना वरती-खालती सांगत, डोंगराचा उतार हीच त्यांची दिशा. आणि पेपरात रामू उत्तरेला पाच किलोमीटर जाऊन उजवीकडे वळलेला. रान पायाखाली घातलेली पोरं त्या रामूपायी चुकत.

हुशार मुलांसाठी वेगळं काही करावं ही कल्पना आपल्याकडे नवी नाही. पुण्यात ज्ञान प्रबोधिनी १९६२ पासून तेच करते आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही विशेष प्रतिभा असलेल्या मुलांसाठी शाळेत आणि जिल्ह्यात विषयांची मंडळं, सुट्टीतली निवासी शिबिरं असं सगळं लिहिलं आहे. वाचायला छान आहे. माझ्या गावापर्यंत त्यातलं जे पोचलं ते तीनच: शिष्यवृत्ती, नवोदय आणि आठवीतली एनएमएमएस, म्हणजे केंद्र सरकारची गरीब घरच्या हुशार पोरांसाठीची शिष्यवृत्ती. एनएमएमएसचं मी कौतुकच करीन. वर्षाला १२,००० रुपये, नववी ते बारावी, आणि पालकाच्या उत्पन्नाला साडेतीन लाखांची मर्यादा, त्यामुळे ती जिथे जायला हवी तिथे बरीचशी जाते. पण आठवीपर्यंत शाळेत टिकलेल्यालाच ना.

नवोदयबद्दल बोललो तर काहीजण रागावतील, रागावू देत. ही केंद्र सरकारची निवासी शाळा १९८६ च्या शैक्षणिक धोरणातून आली ती खेड्यातल्या हुशार पोरांसाठी. निदान ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांना, एक तृतीयांश मुलींना. सहावीत साधारण ८० जागा आणि अख्खा जिल्हा रांगेत. ग्रामीण ठरायला तिसरी, चौथी, पाचवी खेड्यातल्या शाळेत झालेली लागते. मग काय होतं ते आपण सगळे जाणतो. पोराचं नाव खेड्यातल्या पटावर आणि पोर तालुक्याच्या गावी, नवोदय-सैनिकीच्या निवासी क्लासात. मुख्याध्यापकाची सही तेवढी खेड्याची. अशी सही मागायला माझ्याकडेही एक ओळखीचे गृहस्थ आले होते, सोबत जळगावची केळी घेऊन. केळी ठेवून घेतली, सही दिली नाही. ही बढाई नाही. त्यांनी ती पुढच्या गावात मिळवली. ज्याच्या बापाकडे वर्षभराच्या क्लासची फी आहे त्याचं पोर बुद्धीने कमी असतं असं मी मुळीच म्हणत नाही. पण ऐंशीतली एक जागा त्याने घेतली आणि ती खेड्याच्या खात्यावर पडली, हा हिशेब मंगळवारच्या काट्यासारखाच आहे.

तर माझं म्हणणं एवढंच आहे: बसवणं थांबवा. सगळी बसू द्या.

हे कुठे तरी झालेलं आहे. अमेरिकेत फ्लोरिडा राज्यातल्या एका मोठ्या शालेय जिल्ह्यात हुशार मुलांच्या वर्गासाठी आधी शिक्षक किंवा पालक ज्याचं नाव सुचवतील त्याचीच चाचणी व्हायची. म्हणजे आपलंच बसवणं. २००५ पासून त्यांनी दुसरीतल्या प्रत्येक मुलाची छोटी चाळणी-चाचणी सुरू केली. निकष तेच ठेवले, फक्त दार सगळ्यांना उघडलं. डेव्हिड कार्ड आणि लॉरा ज्युलियानो या अर्थशास्त्रज्ञांनी त्याचे आकडे २०१६ मध्ये मांडले: गरीब घरची, कृष्णवर्णीय आणि हिस्पॅनिक मुलं त्या वर्गांत भराभरा वाढली. ती आधीपासून तिथेच होती, कुणी नाव सुचवलं नव्हतं एवढंच. पुढे पैशाची चणचण आली, सगळ्यांची चाचणी बंद केली, आणि आकडे पुन्हा खाली आले. यातला कार्ड म्हणजे २०२१ चा अर्थशास्त्राचा नोबेलवाला. पण हा निष्कर्ष काढायला नोबेल लागत नाही, एक प्रामाणिक हजेरीपट पुरतो.

आपल्याकडे तर अर्धं काम झालेलं आहे. संकलित चाचणी आपण तिसरीतल्या प्रत्येक पोराची घेतोच. पेपर सरकार छापून पाठवतं, भाषा, गणित, इंग्रजी, आणि गुण आपण रात्री रेंज शोधत शासनाच्या चॅटबॉटवर भरतो. गच्चीवर चढून भरलेले ते गुण पुढे जातात कुठे? प्रत्येक पोराचे गुण जिल्ह्याकडे असताना शिष्यवृत्तीला कुणाला बसवायचं हे मी कशाला ठरवायचं? तिसरीच्या त्या गुणांवरून प्रत्येक शाळेतली पुढची पोरं तुम्हीच काढा आणि यादी शाळेला पाठवा: यांचे अर्ज यायलाच हवेत, नसतील तर कारण लिहा. त्याबरोबर बुद्धिमत्तेचा एक छोटा तोंडी भाग घ्या, अहिराणीत, पावरीत, भिलीत, जिथे जे चालतं त्यात. म्हणजे कागदावर चुकणारं पण बोटांवर न चुकणारं पोर सापडेल.

आणि वेळ अगदी योग्य आहे. २०१६-१७ पासून ही परीक्षा पाचवीला आणि आठवीला गेली होती. आमच्यासारख्या चौथीपर्यंतच्या शाळांच्या हातून ती तेव्हाच सुटली. पाचवीला पोर दुसऱ्या गावच्या हायस्कुलात जाणार, तिथल्या सरांना त्याचं नाव पाठ होईपर्यंत अर्जाची मुदत संपणार. आता २०२५ मध्ये शासनाने ती परत चौथी-सातवीला आणायचं ठरवलं. चौथीच्या शिष्यवृत्तीची रक्कम वर्षाला ५,००० रुपये आहे, वस्तीवरच्या घराला ती लहान नाही. जुनी परीक्षा परत आली आहे, पण तिच्यामागे आमची जुनी सवयही येते आहे, हे मला दिसतं. आत्ताच एका तरुण शिक्षकाने फोन करून विचारलं, "गुरुजी, पहिल्याच वर्षी निकाल चांगला दिसायला हवा, किती बसवू?"

त्याला दोष देत नाही. जोपर्यंत तुम्ही मीटिंगमध्ये शेकडा निकाल वाचून दाखवता, तोपर्यंत तो छेद छाटणारच. तुमच्या तक्त्यात पटावर किती, बसले किती, पास किती, असे तीन आकडे शेजारी शेजारी लिहा आणि टक्केवारी पटावर काढा. एवढ्याने अर्धी लबाडी मरेल. माझी ऐंशीची शाल त्याच दिवशी एकवीसची झाली असती.

ऊसतोडीचंही लिहितो. आपल्या तिन्ही जिल्ह्यांतून माणसं दिवाळीनंतर गुजरातेत आणि नगर-पुण्याकडे ऊसतोडीला जातात. हंगामी वसतिगृहात थोडी पोरं थांबतात, बाकीची आईबापांबरोबर कोप्यांवर, म्हणजे तोडीवरच्या झोपड्यांत. ती परततात आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला. खान्देशातलं कुठलंही माणूस सांगेल की आखाजीला घर भरतं. फेब्रुवारीच्या परीक्षेत ही पोरं हॉलतिकीट असूनही "गैरहजर" होऊन पडत. चौथीची परीक्षा उन्हाळ्यात घेत असाल तर तारीख काढताना एकदा आखाजी कधी आहे ते पंचांगात बघा. ऊन आहे, मान्य. भुसावळच्या उन्हात पेपर ठेवा असं कोण म्हणेल? सकाळी साडेसातला ठेवा. आणि केंद्र गावापासून लांब असेल तर पोरांना आणायची जबाबदारी शाळेच्या माथी मारू नका. दोनशे-दोनशे रुपये गोळा करून केलेल्या टेंपोत वस्तीवरचं पोर कधीच नसतं.

सगळ्यांना बसवलं की कमी गुणांची पोरं खट्टू होतील, असं काहीजण म्हणतील. मीही म्हणायचो. खरं सांगू? ओसरीवर शुद्धलेखन लिहिताना ती जेवढी खट्टू झाली असतील त्यापेक्षा जास्त होणार नाहीत. आणि काम वाढेल, हे तर खरंच आहे. बीएलओ म्हणून मतदारयाद्या, सर्वेक्षण, खिचडीचा हिशेब, ऑनलाइन माहिती, त्यात हेही. म्हणून एक वस्तू काढून घ्या आणि ही द्या. कुठली काढायची ते कुठल्याही शिक्षकाला विचारा, यादी तयार आहे.

जादा तास मात्र बंद करू नका. फक्त त्या दोन तासांना दार लावू नका. ज्याला यायचं त्याने यावं. पुढे-पुढे मी तसं करायला लागलो, नोकरीच्या शेवटच्या सहा-सात वर्षांत. तेव्हा परीक्षा आमच्याकडे नव्हतीच, त्यामुळे निकालाची भीतीही नव्हती. आठ-दहाजण यायचे, कधी तीनच. मालिका पूर्ण करता करता पोरं स्वतःच मालिका बनवून एकमेकांना घालायची, आणि मला सुटायच्या नाहीत. त्या सकाळी मी जे शिकवलं तेवढंच पस्तीस वर्षांतलं मला लख्ख आठवतं.

गेल्या महिन्यात दोंडाईच्याच्या बसस्टँडवर एक बाई समोर आली आणि वाकून पाया पडली. मला ओळख लागेना. मग तिने साडेतीन रुपयांची आठवण काढली नाही, मुकादमाची नाही, ९१ वरच्या लाल फुलीचीही नाही. तिला त्यातलं काही आठवत असेलसं वाटलं नाही, किंवा आठवत असूनही बोलली नसेल. सोबत मुलगा होता, तिसरीत. दप्तराचा एक पट्टा तुटलेला, तो तिने कापसाच्या दोरीने बांधलेला. मी निवृत्त झाल्याचं तिला कुणी सांगितलं नव्हतं. पोराला पुढे करून म्हणाली,

"गुरुजी, पुढला साली याले बसाडशात ना?"

आपला,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षक
तालुका शिंदखेडा, जिल्हा धुळे